माया

हॅलिफॅक्सच्या झाकल्या बाजारात
खेकडेवालीच्या गाळ्याला लागून माझं मशीन.
झिप बदलून मिळेल, पँट आखूड करून मिळेल.
इचलकरंजीत बापाच्या मागावर सूत तुटलं की
जिभेवर ओलं करून मी गाठ मारायचे,
ती सवय इथे चाळीस वर्षं पुरली.

कौन्सिलर लॉरेन हेबलथ्वेट नोव्हेंबरात कोट घेऊन आल्या.
बाटलीहिरवा, जड, इथल्याच एका बंद पडलेल्या गिरणीचा.
आरशासमोर उभ्या राहिल्या.
मी कमरेत दोन इंच आत घेतले.
बहिणीचा आहे, म्हणाल्या.
मग म्हणाल्या, होता.
माझ्या तोंडात टाचण्या होत्या,
म्हणून काही बोलावं लागलं नाही.

शुक्रवारी क्रेग ऑल्ड्रॉइड
बाही उसवलेलं जॅकेट घेऊन आला.
गावात कोण कुणाशी, कोण कशात, ते तो रात्री लिहितो
आणि सकाळच्या चहाआधी प्रत्येकाच्या फोनवर ते पोचलेलं असतं.
खुंटीकडे बघून म्हणाला, बाईंचा ना तो?
आत घ्यायला दिलाय?
हो.
किती?
दोन इंच.
टेप गळ्यात होती. आकडा विचारला की आकडा सांगायचा,
मला एवढंच येतं.
कोट मुळात कुणाचा, हे त्यानं विचारलं नाही.
मी सांगितलं नाही. ते माझं नव्हतं सांगायला.

सोमवारी:
हेबलथ्वेट गंभीर आजारी?
वजन झपाट्यानं घटलं, मतदारांपासून लपवताहेत?
अत्यंत निकटच्या सूत्रांकडून कळतं.

कोण बाई हे निकटचं सूत्र, असा विचार करत
सुईत दोरा ओवत होते,
तेव्हा समजलं.
खरंच, माझ्याइतकं निकट कोण?
टेप पाठीमागून फिरवताना
त्यांचा श्वास माझ्या कानाला लागला होता.

आमच्याकडे कंड्या पिकवतात, वावड्या उडवतात.
पिकणं, उडणं. काय एकेक आनंदाची क्रियापदं!

ऑल्ड्रॉइडनं खोटं काय लिहिलं, ते मी शोधत बसले.
कोट खरा. इंच खरे.
सूत्र तर इथे पायडल मारत बसलेलं.
खोट होती ती शिवणीत,
एक खरं दुसऱ्या खऱ्याला जोडलं तिथे.
आणि प्रश्नचिन्ह? ब्लाउजच्या हुकासारखं.
अडकवलं तर अडकलं,
नाहीतर म्हणायला मोकळे, आम्ही कुठे काय म्हटलं.

आठवडाभर लोक बाईंच्या उंबऱ्यावर सूप ठेवून गेले.
खेकडेवालीनं मला हळूच विचारलं, किती महिने उरलेत गं?
कौन्सिलच्या सभेत विरोधकांनी काळजीपोटी
अगदी हळव्या आवाजात राजीनामा मागितला.
तेव्हा बाई उठल्या आणि त्यांनी सांगितलं
कोट कुणाचा, ती कशानं गेली,
शेवटच्या रात्री काय मागत होती.
माईकवर. मिनिटं लिहून घेणारा मुलगा लिहून घेत होता.
दुसऱ्याचं एक खोटं फेडायला
घरातलं होतं नव्हतं तेवढं खरं विकलं.

ऑल्ड्रॉइडनं तीन ओळींचा खुलासा दिला.
खाली: तरीही प्रश्न उरतोच.
जॅकेट न्यायला तो अजून आलेला नाही.

जानेवारीत बाई कोट घेऊन परत आल्या.
होता तसा करा पुन्हा, म्हणाल्या. कापला नाहीत ना?
नाही. माया ठेवलीय आत.
शिवणीत जे जादा कापड राखून ठेवतात, चुकलं तर उसवता यावं म्हणून,
त्याला आमच्यात माया म्हणतात.
त्यांना ते इंग्रजीत कसं सांगावं, मला सुचलं नाही.

दोन इंच तुम्हीच सांगितलेत ना?
माझ्याकडे न बघता विचारलं त्यांनी.
तोंडात एकही टाचणी नव्हती.
हो, म्हटलं.
त्यांनी बारा पाउंड ठेवले. मी सरकवले.
त्यांनी परत ठेवले.

रात्री उसवला. ओलं फडकं, जड इस्त्री, वाफ.
कापड सुटलं, पसरलं, तिच्या मापाचं झालं.
टाक्यांची भोकं तेवढी राहिली,
बारीक, सरळ रेषेत,
दिव्यासमोर धरलं की
लिहिल्यासारखी.